राखणीच्या कुत्र्याचे पिलू : वाढीच्या वयातील आहार व वजन

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला पिकाची राखण ही पेरणीइतकीच महत्त्वाची असते. तूर फुलावर आली, सोयाबीन शेंगेत भरले किंवा ज्वारीचे कणीस दुधात आले की रानडुकरे व रोही यांचे कळप रात्री शेतात उतरतात. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या आसपासच्या गावांतच नव्हे, तर जंगलापासून दूर असलेल्या शिवारांतही हा त्रास आता नित्याचा झाला आहे. अशा वेळी जागलीवर गेलेल्या माणसाला चांगल्या कुत्र्याची सोबत फार मोलाची वाटते. जनावराची चाहूल माणसाच्या कितीतरी आधी कुत्र्याला लागते व त्याच्या भुंकण्याने माणूस सावध होतो. शेळ्यामेंढ्या राखणारे धनगर आणि पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या तालुक्यांतील तांड्यांवर राहणारे बंजारा बांधव कुत्र्याचे हे महत्त्व पूर्वापार जाणून आहेत.

अलीकडे मोठ्या जातीचे पिलू मुद्दाम विकत आणून वाढविण्याकडे बऱ्याच शेतकऱ्यांचा कल दिसतो. कोणी अल्सेशियन किंवा लॅब्राडॉर आणतो, कोणी रॉटवायलर किंवा ग्रेट डेन, तर कोणी मराठवाड्याच्या बाजूने कारवान किंवा पश्मी जातीचे पिलू मिळवितो. पिलासाठी पैसे मोजले जातात, घरातील मुले त्याला जीव लावतात आणि वर्षभरात ते शेताचे रक्षण करू लागेल अशी अपेक्षा असते. पण पुष्कळदा असे घडते की सहासात महिन्यांच्या आतच पिलू लंगडू लागते, त्याचे पुढचे पाय वाकतात किंवा मागचे पाय उचलताना त्याला वेदना होतात. असे कुत्रे जन्मभर अधू राहते. हे दुखणे नशिबाचे किंवा जातीचे आहे असे समजून शेतकरी गप्प बसतो. जातीचा व आनुवंशिकतेचा यात काही भाग असतो हे खरे. परंतु यांपैकी बराच त्रास पिलाच्या खाण्यातील चुकांमुळे होतो आणि तो टाळता येतो.

दोन घरी गेलेली दोन पिले

समजा, एकाच वेताची दोन पिले दोन घरी गेली. पहिल्या घरी परिस्थिती बरी आहे. मोठ्या जातीचे पिलू म्हणून त्याच्यापुढे दिवसभर दूधभाकरी, मटणाचे तुकडे आणि दुकानातून आणलेले कोरडे खाद्य भरलेले असते. शिवाय हाडे मजबूत व्हावीत म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून कॅल्शियमचे औषध रोज दोन चमचे पाजले जाते. पाच महिन्यांत पिलू गुबगुबीत होते व पाहणारे त्याचे कौतुक करतात. दुसऱ्या घरी मात्र सकाळसंध्याकाळ ताकात कुस्करलेली भाकरी आणि उरलेसुरले वरण एवढेच त्याच्या वाट्याला येते. त्याचे पोट टम्म दिसते, म्हणून ते भरपूर खाते अशी घरच्यांची समजूत असते.

पहिले पिलू अतिपोषणाने व दुसरे कुपोषणाने बिघडत असते. विशेष म्हणजे दोघांचाही बिघाड अखेर हाडांतच दिसून येतो. पहिल्याच्या कोवळ्या सांध्यांवर न पेलणारे वजन पडते. दुसऱ्याच्या हाडांना घट्ट होण्यास लागणारे द्रव्यच मिळत नाही. म्हणून मोठ्या जातीच्या पिलाच्या संगोपनाचे सूत्र असे आहे : पिलाला उपाशी ठेवू नये, पण त्याला फुगवूही नये, ते हळूहळू, सडपातळ व काटक वाढू द्यावे.

हळूहळू वाढ का हवी

लहान जातीचे कुत्रे आठदहा महिन्यांत पूर्ण वाढते. मोठ्या जातीच्या कुत्र्याला मात्र त्यासाठी एक ते दीड वर्ष लागते, आणि ग्रेट डेनसारख्या अतिमोठ्या जातीला त्याहूनही अधिक काळ लागतो. जन्माच्या वेळी अवघे अर्धा किलो भरणारे पिलू वर्षभरात पंचवीस ते तीस किलोंचे होते, म्हणजे त्याचे वजन पन्नास ते साठ पट वाढते. या काळात हाडांची टोके कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि तेथूनच हाड लांबत जाते. खाणे जास्त झाले की मांस व चरबी वेगाने वाढतात, पण हाडाची टोके त्या वेगाने पक्की होत नाहीत. मऊ टोकावर जादा भार पडून सांधा बिघडतो व पुढे कायमचा दुखतो.

या गोष्टीची शास्त्रीय परीक्षा फार पूर्वी झालेली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिलांवर प्रयोग करण्यात आले. एका गटाला हवे तेवढे खाऊ दिले व दुसऱ्या गटाला त्याच्या सुमारे दोनतृतीयांश इतकेच दिले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भरपूर खाणाऱ्या पिलांत हाडांचे व सांध्यांचे विकार कितीतरी अधिक आढळले. पुढे अमेरिकेतच ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास झाला. भावंडांच्या जोड्या लावून जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले की कमी खाणारी कुत्री सडपातळ राहिली, त्यांचे सांधे उशिरा झिजले आणि त्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले. जास्त खाणाऱ्यांचे ते ११.२ वर्षे होते. केवळ अन्न मोजून दिल्याने कुत्र्याचे आयुष्य जवळजवळ दोन वर्षांनी वाढले, ही शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

सावकाश वाढलेले पिलू शेवटी लहान राहते ही भीतीही निराधार आहे. कुत्र्याची अंतिम उंची मुख्यतः त्याच्या आईबापांवरून ठरते. माफक पण सकस आहार मिळाला तर ते आपल्या जातीच्या उंचीला पोहोचतेच. फक्त एकदोन महिने उशिरा पोहोचते.

कॅल्शियम : कमी नको, जास्तही नको

हाडाच्या बांधणीसाठी कॅल्शियम व स्फुरद ही दोन द्रव्ये लागतात आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण बरोबर असावे लागते. आहारात स्फुरद १ भाग असेल तर कॅल्शियम १ ते २ भाग असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडील मुख्य अन्न म्हणजे ज्वारी. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम सुमारे २५ मिलिग्रॅम असते, तर स्फुरद सुमारे २२० मिलिग्रॅम असते. म्हणजे जे द्रव्य जास्त हवे ते जवळजवळ नवव्या हिश्श्याइतकेच असते. मांसाचीही गोष्ट तशीच आहे. त्यात स्फुरद पुष्कळ असते, पण कॅल्शियम अगदी अल्प असते. त्यामुळे नुसत्या भाकरीवर किंवा हाडे वगळून नुसत्या मांसावर वाढलेल्या पिलाचे शरीर रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेऊ लागते. हाडे पोकळ व ठिसूळ होतात, पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडते.

याच्या उलट पहिल्या घरातील पिलाची अवस्था असते. दुकानातील पिलांच्या पूर्ण खाद्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेले असते. त्यावर आणखी औषध पाजले तर ते जादा होते. मोठ्या माणसाचे किंवा मोठ्या कुत्र्याचे आतडे नको असलेले कॅल्शियम बव्हंशी सोडून देते; परंतु सहा महिन्यांच्या आतील पिलाच्या आतड्याला हा निवाडा नीट करता येत नाही. जितके पोटात जाईल त्याचा मोठा भाग रक्तात शोषला जातो. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिले आहे की जादा कॅल्शियमनेही हाडांची टोके बिघडतात व पाय वाकडे होतात. वाकडे पाय पाहून मालक कॅल्शियमचा डोस आणखी वाढवितो आणि दुखणे अधिकच बळावते. म्हणून पूर्ण खाद्य चालू असताना कॅल्शियमचे औषध स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

मोठ्या जातीच्या वाढत्या पिलाला दर १००० उष्मांकांच्या अन्नामागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम मिळावे व ते ४.५ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असे प्रमाण आज मानले जाते. पानात खाण्याचा चुना पिलाला कधीही देऊ नये. तो तोंड व अन्ननलिका पोळतो. त्याचप्रमाणे शेतात टाकण्याचे हाडांचे खतही देऊ नये.

आणखी एक समज दूर होणे आवश्यक आहे. पिलू उन्हात बसले की त्याची हाडे बळकट होतात असे म्हटले जाते. माणसाच्या व गाईबैलांच्या कातडीत उन्हामुळे 'ड' जीवनसत्त्व तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे तयार होत नाही. त्याला ते अंड्यातील पिवळा बलक, शिजविलेले यकृत, मासे किंवा पूर्ण खाद्य यांतूनच मिळावे लागते. यवतमाळच्या वैशाखातील उन्हात पिलू बांधून ठेवल्याने त्याचे हाड सुधारत नाही, मात्र उष्माघाताने ते दगावू शकते.

घरच्या अन्नाचा हिशेब

पूर्ण खाद्य विकत घेणे शक्य असेल तर पुडक्यावर 'मोठ्या जातीच्या वाढत्या पिलांसाठी' असा उल्लेख असलेले खाद्य निवडावे, पुडक्यावरील वजनाच्या तक्त्याप्रमाणे ते मोजून द्यावे आणि त्यात दुसरे फारसे काही घालू नये. परंतु बहुतेक शेतकऱ्यांकडे पिलू घरच्या अन्नावरच वाढणार हे उघड आहे. घरचे अन्न वाईट नाही. ते हिशेबाने मात्र द्यावे लागते.

पुढे सुमारे ३० किलोंपर्यंत वाढणाऱ्या, चार महिने वयाच्या व १२ किलो वजनाच्या पिलाला दिवसाला सुमारे १००० उष्मांक लागतात. त्याच्यासाठी एका दिवसाचे अन्न पुढीलप्रमाणे धरता येईल :

ज्वारीचे पीठ १२० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या सुमारे दोन भाकरी;
मुगाची डाळ ५० ग्रॅम, फोडणी न देता मऊ शिजविलेली;
गाईचे दूध किंवा त्याचे दही २०० ग्रॅम;
उकडलेली अंडी २;
गोडे तेल १ चहाचा चमचा;
आयोडीनयुक्त मीठ १ चिमूट.

या अन्नातून सुमारे ९५० उष्मांक व ४४ ग्रॅम प्रथिने मिळतात. उष्मांकांच्या व प्रथिनांच्या दृष्टीने हे अन्न साधारण बरे आहे. पण दूध व अंडी असूनही त्यात कॅल्शियम जेमतेम पावणेचारशे मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या आठव्या हिश्श्याएवढेच भरते. स्फुरद मात्र पावणेनऊशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. ही तूट भरून काढणे हेच घरच्या आहारातील मुख्य काम आहे.

अंड्याचे कवच हे कॅल्शियमचे सर्वांत स्वस्त साधन होय. कवचे पाण्यात दहा मिनिटे उकळून, वाळवून, तव्यावर कोरडी करून पिठाइतकी बारीक कुटावी. या भुकटीत शंभरास सुमारे ३८ भाग कॅल्शियम असते, म्हणजे ५ ग्रॅमच्या एका चहाच्या चमच्यातून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम मिळते. मात्र तिच्यात स्फुरद जवळजवळ नसते. सारी तूट कवचाच्या भुकटीनेच भरली तर कॅल्शियमचे प्रमाण स्फुरदाच्या तिप्पटीवर जाते. म्हणून पशुखाद्याच्या दर्जाचे डायकॅल्शियम फॉस्फेट व कवचाची भुकटी ही दोन्ही एकत्र वापरणे चांगले. वरील अन्नाला डायकॅल्शियम फॉस्फेट ६ ग्रॅम व कवचाची भुकटी ३ ग्रॅम अशी जोड दिल्यास कॅल्शियम व स्फुरद यांचे प्रमाण दीडास एक असे जुळून येते. गाईम्हशींसाठी विकले जाणारे खनिज मिश्रण मोठ्या जनावरांच्या हिशेबाने बनविलेले असते. ते पिलाला अंदाजाने देऊ नये. हे माप एकदा पशुवैद्यकाला दाखवून घ्यावे व जस्त, तांबे आणि जीवनसत्त्वे यांसाठी कुत्र्यांकरिता असलेले कोणते मिश्रण द्यावे हेही त्याच वेळी विचारावे.

आठवड्यातून एकदा ५० ग्रॅम बकऱ्याचे किंवा कोंबडीचे यकृत शिजवून दिल्यास जीवनसत्त्वांची भर पडते. रोज यकृत देऊ नये, कारण 'अ' जीवनसत्त्व जादा झाले तर तेही हाडांना घातक असते. कोंबडीचे शिजविलेले मांस मिळेल तेव्हा त्या दिवशी एक अंडे कमी करावे. जेथे अंडीमांस चालत नाही तेथे दही, पनीर व डाळ वाढवावी. अशा पिलासाठी पशुवैद्यकाचा सल्ला अधिक अगत्याने घ्यावा.

दोन महिन्यांच्या सुमारे साडेपाच किलोंच्या पिलाला यापेक्षा पाऊणपट उष्मांक पुरतात; परंतु त्यात डाळ व अंडी यांचा वाटा अधिक व भाकरीचा कमी असावा. सहासात महिन्यांच्या १९ किलोंच्या पिलाला सव्वापट, आणि वर्षाच्या सुमारास दीडपटीच्या थोडे आत लागते. हे आकडे मार्गदर्शक आहेत. एकाच वयाच्या दोन पिलांची भूक व हालचाल सारखी नसते. म्हणून अखेरचा निर्णय ताटावरून न करता पिलाच्या अंगावरून करावा.

दिवसाचे अन्न तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यापुढे दोन वेळा विभागून द्यावे. वीस मिनिटांत न संपलेले अन्न उचलून घ्यावे. भांडे दिवसभर भरून ठेवू नये. स्वच्छ पाणी मात्र दिवसभर असावे. घरातील प्रत्येकाने जाता येता पोळीचा तुकडा टाकला तर सारा हिशेब चुकतो, म्हणून खाऊ घालण्याचे काम घरातील एकाच माणसाकडे असावे.

वजन कसे पाहावे

वजनाची नोंद ठेवणे कठीण नाही. कापूस किंवा धान्य मोजण्याचा ताणकाटा बहुतेक खेड्यांत असतो. पिलाला मजबूत झोळीत बसवून काट्याला टांगावे, किंवा साध्या काट्यावर प्रथम पिलू घेऊन व मग पिलाशिवाय उभे राहून फरक काढावा. चार महिन्यांपर्यंत दर आठवड्याला व पुढे दर पंधरवड्याला ठराविक दिवशी वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. मोठेपणी ३० किलोंचे होणारे पिलू साधारणपणे दोन महिन्यांचे असताना ५ ते ६ किलो, चार महिन्यांचे १२ ते १३ किलो व सहा महिन्यांचे १८ ते २० किलो भरते. वाढ मधूनच थांबली किंवा एकाएकी उसळली तर कारण शोधावे.

परंतु काट्यापेक्षाही हाताची परीक्षा अधिक उपयोगी आहे. दोन्ही हातांचे तळवे पिलाच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवावेत. आपला हात सपाट पसरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरविली असता जशी हाडे लागतात, तशा बरगड्या लागल्या तर पिलाची तब्येत योग्य आहे. मुठीच्या उंच पेरांवरून बोट फिरविल्यासारखे लागले तर पिलू फार रोड आहे. तळहाताच्या अंगठ्याखालच्या गादीसारखे मऊ लागले व बरगडी दाबूनही सापडली नाही, तर पिलू लठ्ठ झाले आहे. नंतर वरून पाहावे. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी. बाजूने पाहिले असता पोट मागच्या बाजूस वर चढलेले असावे.

पिलू लठ्ठ असेल तर अन्न एकदम निम्मे करू नये. दशांशाने कमी करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. रोड असेल तर आधी जंताचे औषध दिले आहे की नाही याची खात्री करावी व मग अन्न दशांशाने वाढवावे.

दुसऱ्या घरातील पिलाचे टम्म पोट येथे आठवावे. पोट मोठे व बरगड्या, पाठीचा कणा, माकडहाड उघडे, असे पिलू भरलेले नसून जंतांनी व पातळ ताकभाकरीने फुगलेले असते. ताकाने पोट भरते, पण त्यात पाणीच अधिक असते. पिलाचे पोट पाहून त्याचे वजन ठरवू नये. बरगड्या हाताळून ठरवावे.

कारवान व पश्मी या जातींच्या बाबतीत वेगळी दृष्टी ठेवावी लागते. कर्नाटकातील मुधोळच्या नावाने प्रसिद्ध असलेले कुत्रे याच कुळातले होय. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या जातींवर तिकिटे काढली तेव्हा मुधोळ जातीलाही त्यांत स्थान मिळाले. ही कुत्री उंच असली तरी धावण्यासाठी घडलेली व अंगाने हलकी असतात. त्यांची छाती खोल, कंबर बारीक व कातडी पातळ असते. निरोगी कारवानच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या डोळ्यांनाही दिसतात. ते पाहून त्याला उपाशी समजून अल्सेशियनसारखे भरविण्याचा प्रयत्न केल्यास त्याचा वेग जातो व पाय बिघडतात.

काय देऊ नये

कापसाच्या या जिल्ह्यात सरकीची ढेप जवळजवळ प्रत्येक गोठ्यात असते. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात त्याचा जोर पुष्कळसा मोडतो. कुत्र्याच्या पोटात मोडत नाही. अशी ढेप काही दिवस पोटात गेली तर हृदयावर परिणाम होऊन कुत्रे दगावते. म्हणून पिलाला सरकी ढेप देऊ नये, आणि गाईम्हशींच्या गव्हाणीतील आंबोणात त्याचे तोंड जाऊ देऊ नये.

बुरशी आलेला मका, शेंगदाणे किंवा त्यांची जुनी ढेप यांतील विष यकृतावर आघात करते व कुत्रे त्याला फार लवकर बळी पडते. जनावराला चालेल म्हणून बाजूला काढलेले खराब धान्य कुत्र्यालाही चालत नाही. कांदा व लसूण यांनी रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. म्हणून फोडणीचे वरण, रस्सा व भाजी यांपासून पिलाला दूर ठेवावे. मनुका, द्राक्षे व चॉकलेट हीही विषारी आहेत. शिजविलेली हाडे तुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात व घशात किंवा आतड्यात रुततात. बकरे कापल्यावर टाकलेले कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले तर त्यातून फीतजंत होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुप्फुसात गाठी तयार होतात. म्हणून असे अवयव पुरून टाकावेत. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात कुत्र्याला पाणी ठेवण्याची चूक कोणीही करू नये. फवारणीच्या दिवशी पिलाला शेतात नेऊ नये.

जंत, लस व व्यायाम

उत्तम आहारही जंत झालेल्या पिलाच्या अंगी लागत नाही. दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध वजनाच्या मापाने द्यावे. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पार्व्हो व डिस्टेंपर यांची लस सुरू करावी. तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी व पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे ती दरवर्षी चालू ठेवावी. राखणीचे कुत्रे रानातील जनावरांशी व इतर कुत्र्यांशी सतत संबंधात येते. त्याला लस नसणे म्हणजे साऱ्या घराचा जीव धोक्यात घालणे होय.

वर्षाच्या आतील पिलाला मोटारसायकलच्या मागे पळविणे, मचाणावरून उडी मारावयास लावणे किंवा डांबरी रस्त्यावर लांबवर दौडविणे टाळावे. मातीत मोकळे खेळणे हा त्याचा खरा व्यायाम होय. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवलेल्या पिलाचे स्नायू दुबळे राहतात. उन्हाळ्यात पहाटे व सूर्यास्तानंतरच त्याला फिरवावे. रात्री पिलाला शेतात एकटे बांधू नये. बिबट्याचा वावर असलेल्या गावांत अशी पिले सहज उचलली जातात. राखणीच्या कुत्र्याचे काम भुंकून सावध करण्याचे आहे. वन्यप्राण्याच्या शिकारीसाठी त्याचा उपयोग करणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा ठरतो, आणि डुकराच्या सुळ्याने फाटलेले कुत्रे बहुधा वाचत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जनावरांच्या लसीकरणाच्या दिवशी गावातील कुत्र्यांची पिलेही आणावयास सांगावीत. दोनचार शेतकऱ्यांना बरगड्या हाताळण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. ऐकण्यापेक्षा ती हाताने लवकर समजते. पिलाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकणे, पंजे पसरट होणे, मनगटाजवळ सूज येणे, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखे पळणे किंवा उठताना कण्हणे यांपैकी काहीही दिसल्यास शेतकऱ्याला त्याच आठवड्यात नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवावे. वाढ चालू असेपर्यंत आहार सुधारून पुष्कळ दोष भरून येतात. हाडे पक्की झाल्यावर मात्र वाकलेला पाय सरळ करणे फार अवघड जाते.

चांगले गोऱ्हे घडवावयाचे तर त्याला लहानपणीच नांगराला जुंपीत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कुत्र्याच्या पिलाच्या बाबतीतही हाच विचार करावा. एक ताणकाटा, एक वही, अंड्याची कवचे आणि पिलाच्या बरगड्यांवरून आठवड्यातून एकदा फिरणारा हात एवढ्या साधनांवर ते पिलू पुढे दहाबारा वर्षे शेताची राखण करील.